सांध्यावरची रेघ

२ फेब्रुवारी

रंगाच्या दुकानदाराने दरवर्षीप्रमाणे यंदाही डायरी दिली. एरवी मी तिच्यात शेडचे नंबर आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहितो. यंदा मनातलं लिहायचं ठरवलं आहे, कारण ते बोलायची घरात सोय उरलेली नाही. बायकोने काल स्पष्टच सांगितलं, "तू मध्ये पडू नकोस."

मध्ये म्हणजे पोरगी आणि तिचे वडील यांच्या मध्ये. पोरगी बायकोच्या पहिल्या लग्नाची, तेरा वर्षांची. आमच्या लग्नाला आता दीड वर्ष होईल. तिचे वडील दुसऱ्या शहरात एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. तरुणपणी बास्केटबॉल खेळलेले, पोरीला चेंडू धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या शाळेत लाकडी फरशीचं कोर्ट आहे म्हणे, आणि पोरीने तिकडे येऊन त्यांच्याजवळ राहावं, तिथेच शिकावं, खेळावं असं त्यांना वाटतं. हे सत्र संपायच्या आत तिने काय ते सांगायचं आहे. बायको म्हणते तिचं तिला ठरवू दे. बरोबरच आहे. पण तिने जाऊ नये असं मला वाटतं. हे एकदा लिहून टाकलं, बरं वाटलं.

मला का वाटावं, हा प्रश्न आहेच. ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. काका नाही, आणखी काही नाही. काम असलं की जवळ येऊन उभी राहते आणि घसा खाकरते. मैदानावर तिला सगळे 'शिडी' म्हणतात, उंचीमुळे. माझा सगळा जन्म शिड्यांवर गेला, तरी ही शिडी कुठे लावायची ते मला अजून कळलेलं नाही.

वडिलांचा फोन आला की मात्र तास तास बोलते. रिबाउंड काय, पिव्होट काय. मी शेजारी जेवत असतो आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

५ फेब्रुवारी

आज पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर जाऊन नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. वर्ग सकाळी सातला असतो, त्यामुळे काम बुडत नाही. मोठ्या मुलींचा सराव संध्याकाळी, म्हणजे पोरीला कळायचं कारण नाही.

कोचबाई एरवी टपाल कचेरीत काउंटरवर बसतात. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्वतः चेंडू टाकत नाहीत, नुसत्या सांगतात. मला त्यांनी पाकीट तोलावं तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मुलाला आणलंय?"

"नाही. मीच."

"वय?"

"अठ्ठेचाळीस."

"वर्गातली बाकीची मंडळी सात-आठ वर्षांची आहेत," त्या म्हणाल्या. "चालत असेल तर चेंडू उचला."

उचलला. बादली उचलावी तसा उचलला, हे त्यांनी लगेच सांगितलं. चेंडू तळव्याने नाही, बोटांनी आपटायचा. आपटताना त्याच्याकडे बघायचं नाही. मी बघितलं नाही, तर तो गटारात गेला.

६ फेब्रुवारी

मांड्या, पोटऱ्या, खांदे. आज शिडीच्या चौथ्या पायरीच्या वर गेलो नाही. गिऱ्हाइकाला सांगितलं की वरचा कोट उद्या देतो, आज हवेत दमटपणा आहे.

१५ फेब्रुवारी

मैदानावर माझी जोडीदारीण ठरली आहे. सात वर्षांची, पुढचे चारही दात पडलेले. मी तिला बोळकी म्हणतो, ती मला आजोबा म्हणते, फिटंफाट. चेंडू हातात घेऊन न आपटता पावलं टाकली तर तो नियमभंग असतो, आणि मी दर खेपेला तेच करतो. बोळकी तेवढ्याचीच वाट बघत असते.

"आजोबा, तुम्ही चालताय."

"मग काय उडू?"

"एक पाय चिकटवून ठेवा. दुसरा कुठेही फिरवा."

आज रविवार, त्यामुळे मोठ्या मुलीही सकाळीच आल्या. मी विसरलोच होतो. पोरीने मला पाहिलं. बोळकी माझ्यावर ओरडत होती आणि चेंडू माझ्या पायातून निघून गेला होता, नेमकं तेव्हाच. ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या बांधत राहिली. एवढा वेळ नाड्या कोणी बांधत नाही. मैत्रिणींसमोर तिची मान खाली गेली असणार.

बायको हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, तिची दुपारची पाळी होती. आम्ही दोघं जेवलो. चमच्यांचे आवाज तेवढे आले.

१६ फेब्रुवारी

सकाळी दाराशी पोरीचा जुना चेंडू ठेवलेला दिसला, चांगला टणक हवा भरलेला. बायकोने माळ्यावरून काढून ठेवला असेल. तिच्या हे असं लक्षात राहतं. विचारायचं राहून गेलं, ती झोपली होती.

२४ फेब्रुवारी

कोचबाई म्हणाल्या, "चेंडू टाकताना तुमचं उजवं कोपर बाहेर जातं. बरगडीजवळ ठेवा."

मी म्हटलं, "तुम्ही तर आज माझ्याकडे पाहिलंही नाहीत."

"मला सांगितलं कोणीतरी," एवढं बोलून त्या पुढे गेल्या. बोळकीचंच काम असणार. चहाडखोर आहे कार्टी.

कोपर आत घेतल्यावर चेंडू निदान रिंगच्या दिशेने जायला लागला. मनगट चांगलं आहे म्हणाल्या. तीस वर्षं ब्रश ओढला आहे, मनगट नसेल तर काय.

१ मार्च

पिवळ्या भिंतीवाल्या गिऱ्हाइकाने तिसऱ्यांदा शेड बदलली. डोकं फिरलं होतं. त्यात फ्री थ्रोचा सराव. खेळताना समोरच्याने धक्का मारला की रेघेमागे उभं राहून निवांत चेंडू टाकायला मिळतो, मध्ये कोणी आडवं येत नाही. सगळ्यात सोपा नेम म्हणतात. माझा एकही पडला नाही. पण रेघ तरी कुठे आहे तिथे? सिमेंटवरचा रंग पार उडून गेला आहे. जो तो आपल्या मनाने उभा राहतो.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि खरं सांगायचं तर पोरगी ताटाकडे बघून हसली. माझ्या बोलण्यावर ती याआधी हसल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून मला चेव आला आणि म्हणालो, "ते अंगणच मी रंगवून देतो. फुकट."

कोचबाईंना फोन केला. त्या लगेच हो म्हणाल्या. पुढच्या शनिवारी त्या बहिणीकडे जाणार आहेत, पण मापांचा कागद देऊन ठेवते म्हणाल्या.

७ मार्च

आज आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार गेली असं म्हणायला हरकत नाही.

मी एकटाच निघालो होतो. रंगाचे डबे, मापाची टेप, दोरी, चिकटपट्टी सायकलला बांधत होतो, तर मागे घसा खाकरल्याचा आवाज. "टेप धरायला कोणी आहे का?" पोरीने विचारलं. नव्हतं कोणी. आली.

मैदानाला बोर्ड एकच आहे, त्यामुळे काम अर्ध्या कोर्टाचं. कागदावर सगळं लिहिलेलं होतं: मैदान जिथे संपतं ती शेवटची रेघ बोर्डाच्या चार फूट मागे, आणि त्या रेघेपासून एकोणीस फुटांवर फ्री थ्रोची रेघ. बोर्डाच्या मागे जवळपास तेवढ्याच अंतरावर सिमेंटच्या दोन लाद्यांचा सांधा आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखा सरळ. रंगाऱ्याला असा सांधा मिळाला की तो दुसरीकडे बघत नाही. सांध्यावर मारलेली रेघ अशी उठून दिसते की बघत राहावं. मी ठरवलं, शेवटची रेघ इथेच.

पोरीने टेपचं टोक घेतलं आणि सांध्याच्या पुढे कुठेतरी एका पुसट पांढऱ्या डागावर धरलं.

"तिथे नाही, सांध्यावर धर," मी म्हटलं.

"इथे ना?" तिने बूट त्या डागावरच ठेवला होता.

"तो डाग आहे. सांधा मागे."

"नक्की?"

"अगं, तीस वर्षं रेघा मारतोय मी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सांध्यावर टोक धरलं. पुढे सगळं झरझर झालं. खडूची दोरी ताणून मी इकडे आणि ती तिकडे, एकदम झटका दिला की सरळ ठसा. चिकटपट्टी लावायला तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मधला अर्धगोल तिने दोरीने काढला, मी मागून रंगवला. बोललो फारसं नाही. तिने मध्ये एकदा विचारलं, "तुम्ही शिट्टी नेहमी हीच वाजवता?" मला माहीतच नव्हतं मी शिट्टी वाजवतोय ते. बायको सांगते, काम मनासारखं होत असलं की मी वाजवतो.

निघताना मागे वळून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र रेघा. ती तिकडे गेली तरी ही रेघ दोघांनी मिळून मारलेली राहील, असं वाटलं.

१० मार्च

पडला! माझा पहिला फ्री थ्रो, रिंगला न लागता आत. बोळकीने टाळ्या वाजवल्या, मग लगेच म्हणाली की माझा पाय रेघेवर होता. नव्हता.

कोचबाई म्हणाल्या, "रेघ नवी झाल्यापासून सगळ्यांचा हात बसलाय." संध्याकाळच्या मुलींचेही धडाधड पडतात म्हणे. घरी हे मी दोनदा सांगितलं. बायको म्हणाली, आता बोर्ड लाव बाहेर, 'येथे नेमबाजी सुधारून मिळेल'. पोरगी उठून पाणी प्यायला गेली.

१५ मार्च

एक गोष्ट बोचली. आज रविवारचा एकत्र सराव होता. फ्री थ्रोला सगळ्या मुली रेघेला पाय लावून उभ्या राहतात आणि पोरगी चांगली वीतभर, छे, त्याहून जास्त मागे. एकदा नाही, दरवेळी. मी मारलेल्या रेघेला तिला बूटही लावायचा नाही की काय?

२२ मार्च

आज राहवलं नाही. सरावानंतर घरी चालत येताना विचारलं.

"रेघेच्या एवढ्या मागून का टाकतेस?"

"असंच. सवय."

"रेघ कशासाठी असते मग?"

"असू दे ना."

असू दे म्हणजे काय? मैत्रिणींनाही सांगत होती, जरा मागून टाका, मागून टाका. त्या वैतागल्या. एक म्हणाली, "तुझं तिकडे जायचं ठरलंय म्हणून आम्हाला शिकवू नकोस." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, लपवत नाही. वडिलांच्या लाकडी कोर्टाचा तोरा असेल, तर कोणीतरी उतरवायलाच हवा होता.

नंतर वाटलं, मी तेरा वर्षांच्या पोरीशी मनातल्या मनात भांडतो आहे. तेही एका रेघेवरून.

३१ मार्च

तिच्या वडिलांचा फोन. दार अर्धवट उघडं होतं. पोरगी खूप हसत होती. "हो, बाबा, येतील त्या दिवशी तेही," असं काहीसं ऐकू आलं. ते म्हणजे कोण ते कळलं नाही. कोणी त्यांच्या शाळेतले असतील, तिचा खेळ पाहायला. बारा तारखेला तिचा दुसऱ्या संघाशी सामना आहे, त्याला वडील येणार आहेत.

भिंत पुन्हा पिवळीच ठरली. पहिलीच शेड.

७ एप्रिल

काम नाही, पाऊसही नाही, नुसतं कुंद. बायको पाळीवरून आली आणि चप्पल न काढता पलंगावर बसली. मी म्हटलं, "ती गेली तर?"

ती म्हणाली, "गेली तर सुट्टीत येईल." मग म्हणाली, "मला एवढं शहाणं बोलता येतं ते दिवसभर दुसऱ्यांना धीर देऊन देऊन. मनातून मीही तुझ्यासारखीच आहे." मी तिची चप्पल काढून दाराशी ठेवली.

१२ एप्रिल

सामना झाला. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर डोक्यात गुंता होईल.

समोरच्या संघाचं मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. आम्ही पोचलो तेव्हा तिचे वडील आधीच येऊन बसले होते. उंच, केस पिकलेले, हसरा चेहरा. मला त्यांच्यात काही तरी खोट काढायची होती, पण माणूस उठून उभा राहिला आणि त्याने शेजारची जागा रिकामी करून दिली. "ती सांगत होती, तुम्हीही खेळायला लागलात," ते म्हणाले. टोमणा असावा म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तसं काही दिसलं नाही.

आपल्या मुली सुंदर खेळल्या. समोरच्या मुली दांडगाईने खेळत होत्या, त्यामुळे आपल्याला फ्री थ्रो भरपूर मिळाले. आणि इथे आक्रीत घडलं. एकीचाही पडेना. चेंडू जायचा सरळ, पण रिंगच्या अलीकडच्या कडेला आपटून खाली. पहिली चुकली, दुसरी चुकली. ज्या मुली रोज डोळे मिटून टाकतात त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोचबाईंनी ओरडून सांगितलं, "घाबरू नका, रोजच्यासारखं टाका." त्या रोजच्यासारखंच टाकत होत्या.

फक्त पोरीचे पडले. जेवढे मिळाले तेवढे सगळे. रेघेला पाय लावून.

अगदी थोडक्यात हरलो. एकीला रडू कोसळलं. कोचबाई तिची पाठ थोपटत होत्या. मी आणि पोरीचे वडील खाली उतरून त्यांच्यापाशी गेलो, पोरगी बाटली घेऊन तिथेच होती. तिचे वडील खेळाचेच शिक्षक, त्यांना राहवलं नाही.

"घाबरल्या नाहीत मुली," ते म्हणाले. "घाबरलेला हात कधी डावीकडे जातो, कधी उजवीकडे. यांचे सगळे एकाच ठिकाणी आखूड पडले. तुमच्या मैदानावरची रेघ जवळ आहे. कोणी मारली?"

माझ्या डोळ्यांपुढे तो सांधा आला, आणि त्याच्या पुढचा तो पुसट पांढरा डाग. तो डाग नव्हता. ती जुनी शेवटची रेघ होती, झिजून झिजून तेवढीच उरलेली.

"आम्ही मारली," पोरगी म्हणाली. "टेप मी धरली होती."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुला कळलं नाही?" त्यांनी विचारलं. "तू सात वर्षांची असल्यापासून त्या रिंगमध्ये टाकतेयस."

तिने बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. "टेप मी धरली होती," एवढंच परत म्हणाली.

मग पुढे झालो. मी म्हटलं, "तिने बरोबर जागी धरली होती. मी हलवायला लावली." कोचबाई म्हणाल्या, "मी येऊन मोजायला हवं होतं." आम्ही दोघं मोठी माणसं एकमेकांच्या चुका वाटून घेत उभे होतो. तिचे वडील हसले आणि म्हणाले, चला, निदान चोर सापडला. पण जाताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. कशासाठी, ते लक्षात आलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी फोन करतो, तेव्हा काय ते सांग, असं ते पोरीला म्हणाले. ती हो म्हणाली.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि झोपून गेली.

१३ एप्रिल

कामावर जायच्या आधी मैदानावर जाऊन ओळंबा लावला. बोर्डाच्या पुढच्या बाजूवरून दोरी खाली सोडली, भोवऱ्यासारखं वजन जिथे टेकलं तिथे खूण केली आणि मोजलं. सव्वा फूट. सगळं मैदान मी सव्वा फूट मागे सरकवलं होतं, म्हणून फ्री थ्रोची रेघ तेवढीच बोर्डाजवळ आली होती. 'जवळपास' हा शब्द सुतार, गवंडी आणि रंगारी यांच्या तोंडून काढून घ्यायला पाहिजे.

अंगण खरंच वाकडं निघालं, आणि वाकडं करणारा मी. माझा तो पहिला फ्री थ्रो खोटा. बोळकीचं एका अर्थी बरोबर होतं.

आणि पोरगी महिनाभर बरोबर जागी उभी राहत होती, आणि मी तिच्यावर रुसलो होतो. हे लिहिताना कान गरम होतात.

संध्याकाळी मुलींच्या सरावाला गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी, शिडीची नाही, आणि ती तुम्हाला मागून टाका म्हणत होती तेव्हा तिचं ऐकायला हवं होतं, तुम्हीही आणि मीही. रागावतील असं वाटलं होतं. ज्या मुलीने तिला टोमणा मारला होता ती म्हणाली, "काका, मग आता पुन्हा सगळं शिकायचं?" मी म्हटलं हो. ती म्हणाली, "तुम्हीही?" मी म्हटलं, माझं तर काय, मी शिकलोच नव्हतो.

१८ एप्रिल

शनिवार. आज रेघा खरवडून पुन्हा मारल्या. खरवडणं हे मारण्याच्या दुप्पट काम असतं, आणि आपलंच काम खरवडणं चौपट.

पोरगी सकाळपासून बरोबर होती. ओळंबा तिने धरला. वारा होता, वजन हलत होतं. मी घाई केली नाही. ती बोर्डाखाली शिडीवर उभी आणि मी खाली गुडघ्यावर. वजन थांबेपर्यंत दोघंही वाट बघत बसलो.

तेव्हा विचारलं. "मागे मी सांध्यावर धर म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? तुला तर ठाऊक होतं."

ती म्हणाली, "विचारलं ना, नक्की का म्हणून."

"ते एकदा. नंतर?"

तिने दोरी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "तुम्ही शिट्टी वाजवत होता."

"मग?"

"मग काही नाही. हललं बघा वजन, परत थांबू दे."

वजन थांबलं, तशी मी खूण केली.

दुपारपर्यंत काम संपलं. शेवटची रेघ आता सांध्याच्या पुढे आहे. दिसायला पहिल्यासारखी नाही. मागे सांध्याची काळी रेघ, पुढे पांढरी, दोन्ही एकदम दिसतात आणि माझ्यातल्या रंगाऱ्याला ते खुपतं. पण बरोबर आहे.

ती कडेला उभी राहून बघत होती. "हा रंग किती टिकतो?"

"सिमेंटवर? दोन वर्षं. ओल्यावर खेळलात तर तेवढाही नाही."

"दोन वर्षांनी माझं शाळेचं शेवटचं वर्ष असेल," ती म्हणाली. "परीक्षेच्या आधीच करून टाकू तेव्हा. उरलेला डबा नीट ठेवा."

मी तिला समजावून सांगितलं की उघडलेला डबा दोन वर्षं राहत नाही, वर साय धरते, खाली गाळ बसतो, कितीही ढवळा.

"मग नवा आणू," ती म्हणाली आणि झाकण ठोकायला लागली. झाकण ठोकायची माझीच पद्धत उचलली आहे तिने, एक ठोका इकडे, एक समोर.

रंग वाळायच्या आधी मला एक चेंडू टाकायचा होता. नव्या रेघेच्या थोडं मागे उभा राहिलो, कोपर आत घेतलं. आखूड. दुसरा टाकला, आखूड. "गुडघे," ती मागून म्हणाली, "हातांनी नाही पोचत, गुडघ्यांनी पोचतो." तिसरा रिंगला लागून बाहेर आला. ती म्हणाली, पोचला तरी.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं: ओळंबा, वारा, साय धरलेला डबा, दोन वर्षांनी नवा आणायचं म्हणाली तेही. बायकोच्या हातातला घास हातातच राहिला. मग ती उठली, पोरीच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. मी काय वावगं बोललो ते कळेना. विचारलं तर म्हणाली, "तू जेव." लागोपाठ दोन पाळ्या केल्या आहेत तिने, दमली असेल.

उद्या सकाळी तिच्या वडिलांचा फोन यायचा आहे. पोरगी काय सांगेल याचा मला काही अंदाज नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, ते पाळलं. ती अजूनही मला हाक मारत नाही, घसाच खाकरते. पण आता मला तो आवाज दुसऱ्या खोलीतूनही ओळखू येतो.

आता ती दारातून सांगून गेली, रंग सकाळपर्यंत वाळेल, सातला निघू, उशीर करू नका. मी म्हटलं, अगं, फोन यायचाय ना. म्हणाली, "तो काय, दोन मिनिटांचा आहे."